आयत्या वेळचे विषय

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत शेवटची ओळ ठरलेली असते: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे.' माझी तक्रार या ओळीपासून सुरू होते. आमच्या सोसायटीतले गेल्या काही वर्षांतले जवळजवळ सगळे महत्त्वाचे निर्णय याच ओळीखाली झाले. रात्रपाळीचा दुसरा वॉचमन कमी केला तो आयत्या वेळी. पाहुण्यांच्या गाड्या आत घ्यायच्या नाहीत, हेही आयत्या वेळी. इमारतीला बाहेरून रंग काढायचा आणि त्यासाठी घरटी वर्गणी घ्यायची, हे तर चहा-वेफर्स आल्यावर ठरलं. आदर्श उपविधींमध्ये हा विषय आहे, पण अटीसकट आहे. ज्या विषयाची रीतसर पूर्वसूचना द्यावी लागते, तो आयत्या वेळी घेता येत नाही. ही अट नोटिशीत कुणी टाइप करत नाही.

या तक्रारी लहान आहेत, आणि लहान आहेत म्हणूनच त्या कुणी लिहून काढत नाही. विधानसभेत एखादं विधेयक चर्चेविना मंजूर झालं तर दुसऱ्या दिवशी अग्रलेख येतात. मीटररूमपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत जो कारभार चालतो, त्यावर कुणी लिहीत नाही. पण दर महिन्याला घरात बिल टाकणारा, घर विकताना हेलपाटे घालायला लावणारा, बाप गेल्यावर मुलाच्या नावाने भागदाखला करायला वर्ष वर्ष लावणारा कारभार हाच. महाराष्ट्रात नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था एक लाखाहून अधिक आहेत. त्यांच्यासाठी कायदा आहे, नियम आहेत, छापील उपविधी आहेत. आणि हा कायदा, मी वाचला आहे म्हणून सांगतो, बराचसा शहाणा आहे. तो कपाटात पडून असतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सभेचंच घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याच्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा झालीच पाहिजे. नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी प्रत्येक सदस्याला मिळाली पाहिजे. आमच्याकडे गणपती झाले की सेक्रेटरींना सभा आठवते. मग रात्री अकराच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो येतो. नोटीस बोर्डावरच्या कागदाचा, तिरपा काढलेला, खालच्या चार ओळी ट्यूबलाइटच्या उजेडात पांढऱ्या पडलेल्या. सोबत हिशेबपत्रकं नसतात. मागितली तर "सभेत मिळतील" असं उत्तर येतं. सभेत ताळेबंद हातात पडतो आणि पुढच्याच वाक्याला तो मंजूर करायचा असतो. सूचक कोण, अनुमोदक कोण, ही नावं आधीच लिहून आणलेली असतात. बेचाळीस घरांच्या वर्षभराच्या पैशांचा निकाल पाच मिनिटांत लागतो.

गणपूर्तीचा नियम असा आहे: एकूण सदस्यांचे दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी ती. तेवढी माणसं अर्ध्या तासात जमली नाहीत तर सभा तहकूब करायची. तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाही, आणि नोटिशीत लिहिलं असेल तर ती त्याच दिवशी पुढच्या वेळेला घेता येते. ही सोय अडीअडचणीसाठी केलेली आहे. आमच्याकडे दहाची सभा म्हणजे साडेदहाची, हे लहान मुलांनाही पाठ आहे. मी दहाला जातो तेव्हा वॉचमन खुर्च्या मांडत असतो. आठ-दहा माणसं सगळ्यांच्या वतीने ठराव करतात आणि न आलेले लोक पुढे वर्षभर जिन्यात उभे राहून त्या ठरावांवर बोलतात. माझा राग दोघांवर आहे, आणि न येणाऱ्यांवर थोडा जास्त आहे.

इतिवृत्ताची गोष्ट याहून वाईट. उपविधी सांगतात की कमिटीने तीन महिन्यांच्या आत कच्चं इतिवृत्त तयार करून सदस्यांना पाठवावं आणि सदस्यांनी पंधरा दिवसांत आपलं म्हणणं लेखी कळवावं. म्हणजे कोण काय बोललं याची आठवण ताजी असतानाच चूक दुरुस्त होते. आमचं इतिवृत्त थेट पुढच्या वर्षीच्या सभेत दिसतं. पहिलाच विषय 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', आणि अध्यक्ष म्हणतात, "वाचलं असं समजू." रंगाच्या ठरावाला मी उभा राहून विरोध केला होता. किमान तीन दरपत्रकं मागवा, असं म्हटलं होतं, आणि माझ्यासोबत आणखी दोघांनी. वहीत त्या ठरावापुढे 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेलं आहे. आमचा विरोध मतदानात हरला असता तर मी गप्प बसलो असतो. तो झालाच नाही असं लिहिलं गेलं, हे मला मान्य नाही. शिवाय दुरुस्ती-देखभालीवर कमिटीने स्वतःच्या अधिकारात किती खर्च करायचा याला उपविधींत मर्यादा आहे. पंचवीस सदस्यांपर्यंत २५ हजार, पन्नासपर्यंत ५० हजार, त्यापुढे एक लाख. त्याहून मोठ्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी आधी लागते, नंतर नाही.

मी उपविधींची प्रत मागितली तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "अहो काका, पुस्तक कपाटात आहे. किल्ली खजिनदारांकडे. ते नातवाकडे गेलेत पुण्याला."

"आल्यावर द्या मग."

"तुम्हाला नक्की काय बघायचंय ते सांगा ना. मी सांगतो तुम्हाला तोंडी."

तोंडी मला नको होतं. अधिनियमाच्या कलम ३२ ने सदस्याला अधिनियम, नियम, उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. हे पाहायला मागणं म्हणजे सेक्रेटरीवर अविश्वास दाखवणं नव्हे. आमच्याकडे मात्र कागद मागणारा माणूस भांडखोर ठरतो. लिफ्टमध्ये लोक त्याच्याशी जरा जपून बोलू लागतात.

आता गळती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर हॉलच्या छतावर पंख्याच्या हुकाजवळ एक पिवळसर कडा उमटते. आठवड्याभरात ती खिडकीकडे सरकते. मग रंग फुगतो आणि बोट लावलं की पापुद्रा हातात येतो, मागचं प्लास्टर ओलं आणि भुसभुशीत असतं. ऑगस्टमध्ये दिव्याच्या होल्डरमधून थेंब पडू लागतात, म्हणून हॉलचा तो दिवा आम्ही पावसाळाभर लावत नाही. कमिटी म्हणते, "तुमच्या फ्लॅटच्या आतलं काम आहे, तुम्ही करून घ्या." उपविधी नेमकं उलटं सांगतात. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने वरच्या मजल्याचं छत आणि त्याचं प्लास्टर खराब झालं, तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. संडास, मोरी, सिंक यांतली आतली गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीघरात वरच्या घरातून पाणी गळतं, तर त्या दोन वर्षं सोसायटीकडे अर्ज करत आहेत. तिथे खर्च वरच्या घरवाल्याने करायचा. माझ्या घरचं काम सोसायटीचं, ते मला सांगितलं जातं. काकूंचं काम शेजाऱ्याचं, ते त्या सोसायटीकडे मागत बसल्या आहेत. पुस्तकाचं एक पान उघडलं असतं तर दोन्ही घरं कोरडी झाली असती.

पैशांची सोयही कायद्याने करून ठेवलेली आहे. दुरुस्ती-देखभाल निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, जमिनीची किंमत वगळून. हे पैसे बिलात नियमाने घेतले असते तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी मागायची वेळ आली नसती. आम्ही दरवर्षी निळी ताडपत्री विकत घेतो. गच्चीला कुलूप आहे, तेही ठराव न करता लावलेलं. मे महिन्यात कुरडया वाळत घालायच्या तर किल्लीसाठी सेक्रेटरींची वाट बघावी लागते. गच्ची सगळ्यांची आहे, एवढं तरी लक्षात ठेवावं.

बिलावरची भांडणं मला सर्वांत जास्त खटकतात, कारण त्यांची उत्तरं छापून ठेवलेली आहेत. तळमजल्यावरचे आजोबा दर सभेला विचारतात, "मी लिफ्ट वापरत नाही, मग पैसे का देऊ?" लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्यांना सारखा, तळमजल्यासह. सेवाशुल्कही प्रत्येक घराला सारखं, घर मोठं असो वा लहान. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर आणि आकारावर. हे एकदा वाचून दाखवलं असतं तर आजोबांचा दरवर्षीचा त्रास वाचला असता. उलट एका मेंबरच्या मेव्हण्याच्या पुण्यातल्या इमारतीत चौरस फुटांवर आकारणी होते, म्हणून आपणही तशी करू, असं एका सभेत ठरता ठरता राहिलं. पुण्यातल्या पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या आहेत. तिथे सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. कायदाच वेगळा आहे. आपल्या इमारतीला कोणता कायदा लागू आहे, हे बेचाळीस घरांपैकी किती जणांना सांगता येईल, याची मला शंका आहे.

थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के व्याज लावता येतं, तेही सरळव्याज. आमचे खजिनदार चक्रवाढ लावतात, कारण संगणकातला तक्ता तसा बनवलेला आहे. थकबाकीदाराचं नाव लिफ्टमध्ये चिकटवणं, पाणी बंद करण्याची धमकी देणं, हे कायद्याने सांगितलेले उपाय नव्हेत. वसुलीचा रस्ता कलम १५४ब-२९ मध्ये आहे. निबंधकांकडे अर्ज करून वसुली दाखला घ्यायचा. घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि घरात मालकाची मुलगी, मुलगा, सून, आईवडील, भाऊबहीण यांपैकी कुणी राहत असेल तर ते घेताच येत नाही. तरी वडिलांच्या नावावरच्या घरात राहणाऱ्या लेकीकडून ते वसूल करणारी सोसायटी मी पाहिली आहे. हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात २५ हजार. माझ्या भाच्याने घर घेतलं तेव्हा त्या सोसायटीने त्यावर 'पेव्हर ब्लॉक निधी' म्हणून वेगळी रक्कम मागितली आणि पावतीवर 'ऐच्छिक देणगी' असं लिहून दिलं. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढेपर्यंत ऐच्छिक काही नव्हतं. हस्तांतरणाच्या वेळी देणगी किंवा निधी म्हणून जादा रक्कम घ्यायला मनाई आहे. शिकलेली, नोकरी केलेली, एरवी कर वेळेवर भरणारी माणसं सोसायटीच्या खुर्चीत बसली की असं का वागतात, याचं मला खरोखर दुःख होतं.

पार्किंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळे बोलतातच. स्टिल्टमधली मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात झाला. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करा, असं उपविधी सांगतात. आमच्याकडे जो आधी राहायला आला त्याने खांबावर रंगाने नंबर लिहिला, आणि तो नंबर आजही चालतो.

पण मुळातला अन्याय सोसायटी होण्याआधीच सुरू होतो. १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकी कायद्याने बिल्डरवर बंधन घातलं: किमान आवश्यक संख्येइतक्या लोकांनी घरं घेतली की चार महिन्यांत संस्था नोंदवण्यासाठी अर्ज करायचा, आणि संस्था नोंदली की चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची. रेरा आल्यावर महाराष्ट्राच्या नियमांनी मुदत आणखी नेमकी केली. ५१ टक्के घरांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत संस्थेसाठी अर्ज. बिल्डरने केला नाही तर घरं घेतलेल्यांनी स्वतः एकत्र यावं, मुख्य प्रवर्तक निवडावा, बँकेत खातं उघडावं आणि उपनिबंधकांकडे प्रस्ताव द्यावा. हे करायला वकीलच लागतो असं नाही. लागते ती चिकाटी, आणि नोंदणीनंतर तीन महिन्यांत पहिली सर्वसाधारण सभा घेऊन कागद ताब्यात घेण्याची शिस्त. मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्टचा परवाना, टाक्यांचे आराखडे. आमच्या पहिल्या कमिटीने सत्कार स्वीकारला, पेढे वाटले आणि हे कागद मागायचे राहून गेले. इमारत तीसेक वर्षांची झाली. जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे. दर सभेच्या विषयपत्रिकेवर 'कन्व्हेयन्सबाबत चर्चा' असतं आणि दरवर्षी उत्तर एकच: बोलणी चालू आहेत.

बोलणी करायचीच गरज नाही. २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आहे. बिल्डरने सही केली नाही तरी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि त्यांनी जास्तीत जास्त सहा महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. उद्या पुनर्विकासाची वेळ येईल तेव्हा जमिनीच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे हाच पहिला प्रश्न असेल. छताचा डाग मी सहन करीन. बेचाळीस कुटुंबांच्या पायाखालची जमीन त्यांची नाही, आणि ती करून घेण्याचा अर्ज कुणी लिहीत नाही, हे मला सहन होत नाही.

लोक विसरतात की सहकारी गृहनिर्माणाची चळवळ इथे फार जुनी आहे. १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांना वाट मोकळी करून दिली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी होते. ताडदेवच्या तल्मकीवाडीला त्यांचंच नाव आहे. घर परवडत नाही अशा मध्यमवर्गीयांनी एकत्र येऊन, हिशेब उघडे ठेवून, एका माणसाला एक मत देऊन घरं बांधायची, ही त्यामागची कल्पना. आज आपण घरं आयती घेतो. सहकार तेवढा वजा झाला.

२०१९ मध्ये अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, १३-ब. त्यातली एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. नामनिर्देशन केलेल्या व्यक्तीला सदस्याच्या मृत्यूनंतर तात्पुरता सदस्य करून घेतलं जातं, आणि वारस कायद्याने ठरले की मग कायम सदस्यत्व. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे माहीत नसल्यामुळे सख्खी भावंडं अबोला धरतात आणि सेक्रेटरी न्यायाधीश होऊन बसतात.

कमिटीत महिलांसाठी जागा राखीव आहेत. आमच्याकडे त्या जागांवर दोघींची नावं आहेत आणि सभेला त्यांचे यजमान येतात, हजेरीच्या वहीत सह्याही तेच करतात. त्या दोघींपैकी एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांनी खजिनदारांचा तो तक्ता एका संध्याकाळी दुरुस्त केला असता.

तक्रार कुठे करायची, हेदेखील उपविधींत एका प्रकरणात लिहून दिलेलं आहे. सदस्यत्व नाकारलं, दप्तर दाखवलं नाही, तर निबंधक. ठराव, निवडणूक, गळतीची दुरुस्ती, पार्किंग यांवरून वाद असेल तर सहकार न्यायालय. बेकायदा बांधकाम महापालिकेकडे, बिल्डरने करार मोडला तर दिवाणी न्यायालय, दांडगाई असेल तर पोलीस. लोक सगळं उपनिबंधकांकडे पाठवतात, तिथे ते साचतं, आणि मग 'सरकारी कामकाज असंच' असं म्हणून घरी बसतात.

सेक्रेटरींबद्दल एक गोष्ट मी मान्य करतो आणि सभेतही करतो. हे बिनपगारी काम आहे. नोकरीवरून आठची लोकल पकडून आलेला माणूस रात्री टँकरवाल्याला फोन करतो, सकाळी पंपाचा फ्यूज बघतो, आणि वर माझ्यासारख्यांचे अर्ज वाचतो. त्यांच्याजागी उभं राहायला बेचाळीस घरांतून कुणी पुढे येत नाही. म्हणूनच नियम पाळणं त्यांच्या भल्याचं आहे. जो ठराव रीतसर नोटिशीने, नोंदलेल्या मतांनी झाला, त्यासाठी त्यांना जिन्यात कुणाशी भांडावं लागणार नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या सोसायटीच्या उपविधींची प्रत लेखी मागा. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. मिळाल्यावर दुरुस्ती, आकारणी आणि सभा ही तीन प्रकरणं आधी वाचा. जमीन कुणाच्या नावावर आहे ते मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर तपासा. आणि पुढच्या निवडणुकीत कमिटीसाठी उमेदवारी अर्ज भरा.